डोणीखालची जागा

धनुबाई माझ्या आजोबांची थोरली बहीण. आमच्या नात्यात तिच्याबद्दल आता फार गोड बोललं जातं. सोसलं बिचारीनं, सगळ्यांना माफ केलं, देवमाणूस होती, वगैरे. हे कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. ती देवमाणूस नव्हती आणि तिनं कुणालाही माफ केलं नव्हतं. एकदा शेजारणीनं तिच्या महूच्या झाडाखालची फुलं वेचून नेली, तर धनुबाई त्या शेजारणीच्या मुलीच्या लग्नात नाचायला गेली नाही. पुढं त्या मुलीच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हाही गेली नाही. फुलांसाठी जी बाई दोन पिढ्यांशी अबोला धरते, ती नवऱ्यासाठी काय करेल याचा विचार गोड बोलणाऱ्यांनी करायला हवा होता.

आमचं गाव मोलगीच्या वरच्या अंगाला. तेव्हा हा सगळा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा आणि साहेब लोक घोड्यावरून यायचे, तेही पाऊस संपल्यावर. गावाची शेती दोन तऱ्हेची. उतारावर पावसाचा मका आणि भादीचं भरड धान्य, आणि नाल्यापलीकडच्या सपाट तुकड्यावर हिवाळ्यात गहू, हरभरा. हिवाळ्याच्या पिकाला पाणी लागतं. ते आमचे लोक वरच्या ओढ्याला दगडमातीचा बांध घालून अडवायचे आणि डोंगराच्या कडेकडेनं खोदलेल्या पाटातून शेतापर्यंत आणायचे. मध्ये खोल नाला आडवा यायचा. तो ओलांडायला लाकडाची डोण होती. हेदाच्या झाडाची मोठाली खोडं आतून कोरून, एकाला एक जोडून, बेचक्याच्या उंच खांबांवर टेकवलेली. माणूस आत मांडी घालून बसेल एवढी ती रुंद, आणि तिच्यातून पाणी वाहायचं ते जेमतेम वीतभर. त्या वीतभर पाण्यावर अख्खं गाव उन्हाळ्यापर्यंत भाकरी खायचं.

ही डोण बांधायची रायसिंगनं, म्हणजे धनुबाईच्या नवऱ्यानं. उंच, मुका वाटेल इतका अबोल माणूस. खांब रोवायच्या आधी तो दगडाला कान लावून बसायचा, असं आजोबा सांगायचे. दगडातून काय ऐकू येत होतं ते त्यालाच ठाऊक. पण त्याची डोण कधी गळली नाही हे खरं.

डोणीचा एक रिवाज होता. पावसाळ्यानंतर डोण दुरुस्त झाली आणि पाटातून पहिलं पाणी सोडलं, की बांधणाऱ्यानं नाल्यात उतरून डोणीच्या बरोबर मधोमध खाली उभं राहायचं. पाणी पलीकडे पोचल्याची हाक येईपर्यंत हलायचं नाही. आपल्या हातच्या कामावर विश्वास असेल तर माणूस उभा राहतो. खालून पळाला, तर तो खोटा. त्यानं पुन्हा डोणीला हात लावायचा नाही आणि त्याचं पाणी सगळ्यांच्या शेवटी. आणि डोण पडली, तर दोष उभ्या असलेल्या माणसाचाच. नीट बांधलेलं लाकूड आपल्या माणसावर पडत नाही, अशी लोकांची पक्की समजूत होती. या समजुतीला मी आजवर शिव्या देत आलोय, आणि पुढंही देणार आहे.

एका वर्षी गावात रेवजी मुकादम आला. तो सपाटीवरचा, तळोद्याकडचा, एका लाकडाच्या ठेकेदाराचा माणूस. अंगात कोट, पायात करकरणारे जोडे, बोलणं तुपासारखं. वरच्या जंगलात त्यानं सागाच्या बल्ल्या तोडून ठेवल्या होत्या. झाड उभंच सुकवून मग तोडलेलं, म्हणून ते लाकूड तरंगायचं. ओला साग पाण्यात बुडतो. या बल्ल्या नाल्यापलीकडच्या गाडीवाटेवर न्यायच्या होत्या. खांद्यावरून नाल्यात उतरवून पुन्हा वर चढवायच्या म्हणजे माणसांचं कंबरडं मोडणार. रेवजीनं डोण पाहिली आणि त्याला सोपी वाट सुचली. पाटात बल्ल्या सोडायच्या, पाण्याबरोबर त्या डोणीतून पलीकडे जातील, तिथं उचलून घ्यायच्या. गावचे पाटील होते इंद्रसिंग. त्यांना तो मीठ-गुळाचं गाठोडं देऊन आला, आणि पाटलांनी पहिल्या पाण्यालाच परवानगी दिली.

रायसिंग रिवाजाप्रमाणे खाली जाऊन उभा राहिला. गाव वरच्या अंगाला, बांधापाशी जमलेलं. पलीकडच्या टोकाला फक्त रेवजी आणि त्याची माणसं, बल्ल्या धरायला. पाणी सुटलं, मागोमाग बल्ल्या सुटल्या. थोड्या वेळानं नाल्यातून असा आवाज आला की बांधावरच्या बाया खाली बसल्या. लोक धावत आले तेव्हा मधली दोन खोडं नाल्यात होती, बल्ल्यांचा ढीग झाला होता आणि रायसिंग त्याच्याखाली होता.

पंच बसले. रेवजीनं छातीवर हात ठेवून सांगितलं, की तरंगत्या लाकडाचा भार डोणीवर येतच नाही. लाकूड जितकं जड, तितक्याच वजनाचं पाणी ते बाजूला सारतं. सारलेलं पाणी पुढं निघून जातं. तेव्हा डोणीला पूर्वी जेवढं पाणी पेलायचं, तेवढंच ओझं बल्ल्यांसकट पेलायचं. मग डोण पडली कशी? खांबच कुजके होते. बांधणाऱ्यानं चुकारपणा केला.

आता चीड येते ती याची, की रेवजीचं सांगणं खरं होतं. मला पुढं अक्कलकुव्याच्या शाळेत मास्तरांनी हेच शिकवलं, आणि मी मध्येच उठून म्हणालो की गुरुजी, पाण्याला पुढं जायला वाट असेल तरच. माझं बोलणं उद्धट वाटून त्यांनी मला बाकावर उभं केलं. पण पंचांपैकी कुणीही तेवढंसुद्धा विचारलं नाही. कोटवाला माणूस बोलतोय, रिवाजही तेच म्हणतोय. रायसिंग दोषी ठरला. मेलेल्याला दोषी ठरवायला धाडस लागत नाही. धनुबाईचं शेत पलीकडच्या काठावर पहिलं होतं, पण तिची पाण्याची पाळी शेवटी टाकली. रायसिंगसाठी गाता उभा करायचा होता, आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं लाकडाचा किंवा दगडाचा खांब रोवतात तसा, तोही पंचांनी उभा करू दिला नाही. खोट्या हाताच्या माणसाचं नाव गावाच्या शिवेत नको, असं म्हणाले.

धनुबाई तेव्हा रडली नाही. आजोबा सांगायचे की ती नाल्यात उतरली आणि पडलेली खोडं एकेक करून हातानं चाचपत राहिली. खांब तिनं कुऱ्हाडीनं तासून पाहिले. आतून लाकूड टणक, पिवळंधमक. मग पलीकडच्या टोकाचं खोड, जे पडलं नव्हतं, ते तिनं पाहिलं. त्याच्या दोन्ही कडांना समोरासमोर ताज्या खाचा पाडलेल्या होत्या. रायसिंगनं तिथं कधीच खाच ठेवली नव्हती. खाचेत फळीचा एक तुकडा अडकून राहिला होता.

तिला कळलं की रेवजीनं टोकाला फळी घातली होती. बल्ल्या जोरात येऊन दगडावर आपटत असतील, टोकं फुटत असतील, म्हणून पाण्याचा वेग मारायला घातली असेल. पण फळीनं डोण कशी पडेल, हे तिला उमगेना. तरंगणाऱ्याला वजन नसतं म्हणतात, मग फळीनं काय झालं? तिनं ते घरी करून पाहिलं. दोन दगडांवर दोन बांबू आडवे टाकले, वर काठवट ठेवली आणि ती काठोकाठ भरली. बांबू वाकले. मग पाण्यात लाकडाचा ओंडका सोडला. पाणी सांडलं, ओंडका तरंगला, बांबू होते तेवढेच वाकलेले. मग अर्धं पाणी काढून टाकलं आणि तोच ओंडका पुन्हा सोडला. या वेळी एक थेंब सांडला नाही, पाणी फक्त वर चढलं, आणि बांबू खाली गेले. मग ओंडका आत ठेवूनच ती वरून पाणी ओतत राहिली. ओतता ओतता एक बांबू मोडला आणि काठवट तिच्या पायावर पडली.

सुजलेला पाय घेऊन ती भावाच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या घरी आली. आजोबांचं नाव सुरुपसिंग. तिनं त्यांना सगळं सांगितलं. टोक उघडं असेल तर सारलेलं पाणी निघून जातं. टोक बंद असेल तर ते तिथंच राहतं, मागून आणखी येतं, आणि वीतभर पाण्यासाठी बांधलेली डोण काठापर्यंत भरते. आजोबा म्हणाले, चल पंचांकडे. ती नाही म्हणाली. पंच काय करतील? रेवजीला दोन शब्द बोलतील आणि तो कोट झटकून निघून जाईल. रायसिंग जिथं उभा होता तिथं रेवजीला उभा करायचाय, एवढंच ती म्हणाली. आजोबांना तिच्या डोळ्यांची भीती वाटली, पण ते पंचांकडे गेले नाहीत.

पुढची वर्षं ती जे वागली त्यालाच आमचे लोक क्षमा म्हणतात. रेवजी अधूनमधून जंगलात यायचा, तेव्हा ती त्याला ताक द्यायची. त्याच्या घोड्याला पाणी दाखवायची. एकदा तर त्यानं विचारलं की राग नाही ना धरलास, तर ती हसली म्हणे. आजोबांना ते हसू पाहून जेवण गेलं नाही. रेवजी मात्र निश्चिंत झाला. बाई चांगली आहे, असं तो बाजारात सांगायचा.

डोण पडल्यापासून गावाची हिवाळी शेती बुडाली होती. शेवटी धनुबाईनंच पाटलांच्या मागं लागून नवी डोण बांधायला लावली. काम आजोबांनी केलं, पण जागोजागी उभी राहून सांगितलं तिनं. खांब तेवढेच. अंतर तेवढंच. आजोबा म्हणाले, मध्ये एक खांब जादा घालतो. ती कडाडली, की रायसिंगनं घातला नव्हता, तूही घालायचा नाहीस. पलीकडच्या टोकाला तिनं स्वतः कुऱ्हाडीनं दोन खाचा पाडल्या. विचारलं तर म्हणाली, माझं शेत तिथंच आहे, पाणी वळवायला फळी लागते. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पहिल्या पाण्याला आजोबा खाली उभे राहिले, पाणी पलीकडे गेलं, डोण जागची हलली नाही. लोक म्हणाले, बघा, सुरुपसिंगचा हात खरा. रायसिंगच्या मापानं बांधलेली डोण, आणि कौतुक सुरुपसिंगच्या हाताचं. धनुबाईनं तेही गिळलं.

नवी डोण झाल्याची खबर रेवजीला लागायचीच होती. तो आला, बल्ल्यांसाठी वाट मागायला लागला. पंच कचरले. तेव्हा धनुबाई बायांमधून उठून पुढं आली. बाई पंचांत बोलते म्हणून एरवी खाली बसवलं असतं, पण कुणी तिला बसवलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं ती नको म्हणणार. ती म्हणाली, वाट द्या. रेवजीभाऊ म्हणतात तरंगत्या लाकडाला भार नसतो, आणि पंचांनी ते मानलंय. मग बल्ल्या जाताना रेवजीभाऊंनीच खाली उभं राहावं. बांधणारा त्याच्या कामाला उभा राहतो, हे त्यांच्या शब्दाला उभे राहतील.

रेवजी हसला. त्याला फळीशिवायची डोण पडणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. नाही म्हणावं तर चारचौघांत शब्द खोटा पडतो, मजूरही मिळायचे नाहीत. तो हो म्हणाला. बल्ल्या सोडायच्या दिवशी त्यानं आधी पलीकडे जाऊन डोणीचं तोंड नीट पाहिलं. उघडं होतं. धनुबाई तिथंच तिच्या शेताच्या बांधावर फळी मांडीवर घेऊन बसली होती. पाणी वळवायची फळी, असंच त्याला वाटलं. त्यानं तिला रामराम केला आणि नाल्यात उतरला.

या वेळी पाटील आणि पंच पलीकडच्या काठावर होते, कारण रेवजीचा शब्द खरा होतोय की नाही ते पाहायला त्यांना तिनंच तिकडे बोलावलं होतं. आजोबा आणि बल्ल्या सोडणारी रेवजीची माणसं वर बांधापाशी, हाकेच्या पलीकडे. पाणी सुटलं. पहिल्या बल्ल्या डोणीत शिरल्या, डुलत पुढं आल्या. रेवजी खाली कमरेवर हात ठेवून उभा. धनुबाई उठली आणि तिनं फळी खाचेत सारली. वरून टाचेनं दाबली.

पाणी थांबलं आणि चढायला लागलं. बल्ल्या एकमेकींना टेकल्या, मागून आणखी आल्या. पाटलांना वाटलं ती शेताला पाणी घेतेय, ते म्हणाले, आत्ता नको, काढ ती. तिनं ऐकलं नाही. पाणी वीतभराचं हातभर झालं. मग डोणीच्या कडेवरून एक धार नाल्यात पडली, ती रेवजीच्या खांद्यावर. त्यानं वर पाहिलं. असली धार त्यानं आधी एकदा पाहिली होती. एक खांब कुरकुरला.

"धनु, फळी काढ वं माय," तो ओरडला. "पाणी चढी ऱ्हायनं. तुटी जाई."

"तरंगता लाकडाले भार नही ऱ्हास," ती वरून म्हणाली. "तूच सांगं व्हतं."

"फळी घाली तं ऱ्हास. तवय बी फळीनीच तुटनी व्हती. काढ ती, मन्हा जीव जाई."

इंद्रसिंग पाटलांच्या तोंडातली बिडी खाली पडली. ते पुढं धावले आणि फळीला हात घालायला लागले, पण पाण्याच्या रेट्यानं ती खाचेत घट्ट आवळली होती आणि वर धनुबाई उभी होती. तिनं पाटलांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं लक्ष खाली होतं.

"मन्हा माणूस तठेच उभा व्हता," ती म्हणाली. "त्याले कोनीच सांगं नही. तो वाट देखत ऱ्हायना."

रेवजी पळाला. जोडे चिखलात अडकले, ते तिथंच टाकून अनवाणी पळाला, आणि तो कडेच्या दगडावर चढतो न चढतो तोच मधली खोडं खाली आली. बल्ल्या, पाणी, खांब, सगळं तो उभा होता त्याच जागी. त्याच्या अंगावर नुसता चिखल उडाला. तो तसाच झाडीत शिरला आणि पुन्हा त्या अंगाला दिसला नाही. डोणीखालून पळालेला मुकादम, हे नाव त्याच्या आधी बाजाराबाजारात पोचलं. वरच्या गावांतला एकही मजूर त्याच्या हाताखाली गेला नाही, आणि मजूर नसलेल्या मुकादमाला ठेकेदार तरी कशाला ठेवतो? पुढं तो नंदुरबारला कुणाच्या तरी वखारीत मिरच्या निवडायला बसायचा, असं ऐकलं. मला त्याची कीव येत नाही.

गावात दोन दिवस भांडणं झाली. लोकांचा गहू पुन्हा गेला होता. बायाच नाही तर पुरुषही धनुबाईच्या दारात येऊन बोलून गेले, की तुझ्या एकटीच्या सुडापायी आमची पोरं उपाशी राहणार. त्यांचं चुकत नव्हतं. तिनं कुणाची माफी मागितली नाही. पण पंचांना पुन्हा बसावंच लागलं. रायसिंगवरचा दोष काढला, धनुबाईचं पाणी पहिलं केलं, आणि रायसिंगचा गाता गावाच्या शिवेत, पाटाच्या काठावर उभा राहिला. कोंबडं कापलं, दारू शिंपडली, ढोल वाजला. पाटलांनी सगळ्यांसमोर हात जोडले. आजोबा त्या दिवशी पोरासारखे रडले, असं ते स्वतःच सांगायचे.

संध्याकाळी लोक पांगल्यावर धनुबाई एकटीच गात्यापाशी बसून राहिली होती. आजोबा तिला घरी न्यायला गेले. त्यांना वाटलं, आता हिचं मन निवलं असेल. दोघं आपसात भिलीत बोलले, ते मी मराठीत आणतोय. ते म्हणाले, झालं ना बाई, त्याचं नाव परत आलं, आता ऊठ.

ती उठली. लुगडं झटकलं आणि म्हणाली, "नाव तुम्हाला हवं होतं रे. मला रेवजी हवा होता."